तेव्हा चालत होतं, मग आता का नाही?

पत्र थोडक्यात : गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावातून एका तरुणाने लिहिलं आहे. वय 29. घरी धानाची शेती, स्वतः तालुक्याच्या ठिकाणी कृषी केंद्रात नोकरीला. वडील 64 वर्षांचे. दोघांनाही मासोळ्या धरायचा नाद. गावचा तलाव ढिवरांच्या (मासेमार समाजाच्या) मत्स्य संस्थेकडे आहे, पण घरोबा जुना असल्यामुळे यांनी गळ टाकायला संस्थेची हरकत नसते. तरुणाच्या लहानपणी वडील पहिल्या पावसात रात्री-रात्री बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) उतरून अंड्यांनी भरलेल्या मासोळ्या पोतंभर आणायचे आणि गल्लीत वाटायचे. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात तलाव पार आटला. त्यानंतर त्यांनी आपलं फेकजाळं संस्थेतल्या एका मित्राला देऊन टाकलं. आता जवळ एकच वेळूची काठी. सकाळी तलावाला अर्धा फेरा मारतात, मग कुठेतरी बसतात आणि नऊ-दहाला बहुतेकदा रिकाम्या हाताने परततात. गळाला लागलेली मासोळीही पुष्कळदा सोडून देतात. मागच्या पावसाळ्यात मुलाने नव्या रॉडवर दोनेक किलोची मरळ काढली. वडिलांनी मित्रांसमोर ती त्याच्या हातातून घेतली आणि "पोरं हायेत तिची खाली, दिसत नाही का तुले?" म्हणत पाण्यात सोडून दिली. मित्र हसले. तेव्हापासून बापलेक एकत्र तलावावर गेलेले नाहीत. आई म्हणते, वय झालं. मुलगा विचारतो : "जे त्यांनी स्वतः जन्मभर केलं, ते मी केलं तर पाप कसं? बाबांचं डोकं थकत चाललंय, की हा नुसता हेका आहे? त्यांना समजावू कसं, की मीच गळ सोडून देऊ?"

भाऊ,

मरळ गेली याचं वाईट तुम्हाला वाटलं असेलच, पण जास्त लागलं आहे ते मित्रांचं हसणं. ते लागणं खरं आहे. एकोणतीस वर्षांच्या मुलाच्या हातातलं चारचौघांत काढून घ्यायचं नसतं. बाबांचं म्हणणं बरोबर होतं असं मला वाटतं, पण त्यांची रीत चुकली. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही मोकळ्या मनाने वाचाल.

तुमच्या पत्रात एक हिशेब धरून चाललेला आहे. मासोळ्या जास्त आणल्या तर माणूस तरबेज, कमी आणल्या तर थकला. म्हणून बाबांच्या रिकाम्या पिशवीची तुम्हाला काळजी वाटते. पण तुम्हीच लिहिलेल्या दोन गोष्टी या हिशेबात बसत नाहीत. एक म्हणजे ते गळ टाकायच्या आधी तलावाला अर्धा फेरा मारतात. हातपाय आणि डोकं थकलेला माणूस जवळची सावली बघून बसतो. फेरा मारणारा माणूस वारा कुठल्या काठाला लागतोय, पाणी कुठे गढुळलंय, बगळे कुठे उतरलेत, शेवाळात कुठे हालचाल आहे ते बघत असतो. दुसरी गोष्ट तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे निघून गेलात, पण मी तिथेच थांबले. तलाव आटला त्या उन्हाळ्यानंतर त्यांनी जाळं देऊन टाकलं. विकलं नाही, फाटलं म्हणून फेकलं नाही, देऊन टाकलं. मला तर हे ठरवून टाकलेलं पाऊल दिसतं. त्या वर्षी त्यांनी काय पाहिलं, हे तुम्ही त्यांना कधी विचारलं आहे का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

माझं माहेर वैनगंगेच्या काठचं. गळ घेऊन बसणारी माणसं मी लहानपणापासून बघत आले आहे, आणि वय वाढतं तसा त्यांचा नाद कसा बदलत जातो तेही पाहिलं आहे. दहा वर्षांच्या पोराला काहीही लागलं तरी चालतं. बोटभर मासोळी असली तरी तिला दोऱ्यासकट घरी आणायचं, आईला दाखवायचं. विशीत मोजणी सुरू होते. तू किती, मी किती, आणि त्यात जो हरतो तो दुसऱ्या दिवशी पहाटेच तलावावर हजर. मग आकाराचं वेड लागतं. एकच हवी, पण अशी की फोटो काढावासा वाटला पाहिजे. त्यासाठी रॉड येतो, रीळ येतं, गळाला लावायची रबराची नकली बेडकं येतात. पत्रावरून तुम्ही आज या ठिकाणी आहात असं दिसतं, आणि त्यात मला काहीही वावगं वाटत नाही. पुढे बऱ्याच जणांना धरण्याच्या रीतीतच गोडी लागते. याच काठीने, याच चाऱ्याने, याच जागेवरून लागली तर खरी. आणि काही जणांची नजर त्याच्याही पुढे जाऊन मासोळीवरून पाण्यावर ठरते. नवा शेतकरी लोंबी बघतो आणि जुना बांधीतलं पाणी बघतो, तसं.

सगळ्यांचीच नजर अशी जाते असं मात्र नाही. सत्तरीतही पोतं भरल्याशिवाय चैन न पडणारी माणसं आहेत. विशीतली काही पोरंही अशी असतात की लहान मासोळी हाताला लागली की आपसूक सोडून देतात. आणि ज्यांचं पोटच मासोळीवर आहे त्या ढिवरांच्या घरी हे गणित मुळातच वेगळं असतं. तिथलं पोरगं दहाव्या-बाराव्या वर्षी पाणी ओळखायला शिकतं, कारण शिकल्याशिवाय चूल पेटत नाही. तेव्हा नुसत्या वयाने माणूस शहाणा होतो, असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्या वर्षांत त्याने काय काय पाहिलं, त्यावर ते ठरतं.

आता तुमचा खरा प्रश्न. बाबांनी स्वतः अंड्यांच्या मासोळ्या पोत्याने आणल्या, मग तुमच्या एका मरळीवर एवढा राग का?

कारण तलाव तोच असला तरी आतली स्थिती तीच राहिलेली नाही. आपल्या भागातले हे तलाव गोंड राजांच्या काळात बांधायला सुरुवात झाली, बहुतेक कोहळी लोकांनी बांधले. नवेगाव बांधचा मोठा तलाव त्यातलाच, अठराव्या शतकातला. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे गावच्या जमीनदारांकडे आले, आणि गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं हे गावाचं दरवर्षीचं काम होतं. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि ते काम आपलं आहे असं म्हणणारं कोणी उरलं नाही. गाळ साचत गेला, काठाला बेशरमाची झुडपं माजली. जिथे पूर्वी उन्हाळ्यातही कमरेएवढं पाणी राहायचं तिथे आता मे महिन्यात भेगा पडतात. तुमच्या बाबांच्या तरुणपणी पहिल्या पावसात बांधीत चढलेल्या मासोळ्यांतून पोतंभर काढल्या तरी मागे पुष्कळ उरायच्या. खोल पाण्यात त्यांचे आईबाप जिवंत असायचे. तलाव एकदा पार आटला की सगळ्या वयाच्या मासोळ्या एकदम जातात, आणि पुढच्या पावसात जे वाचलेले दोन-चार जोड असतील त्यांच्यावरच सगळं चालतं. जाळं त्याच वर्षी गेलं, हे मला उगाच वाटत नाही. तेव्हा चालत होतं ते खरोखरच चालत होतं. आता ते तलावालाच झेपत नाही.

आणि तुम्ही धरलेली ती मरळ. ते दृश्य तुमच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार, फक्त ओळखीचं नव्हतं. वनस्पतींच्या मधली थोडी मोकळी जागा, पाण्यावर ताटाएवढा तांबूस-नारिंगी डाग. तो डाग जागचा हलतो, फुटतो, परत एकत्र येतो, आणि त्यावर पाऊस नसताना बारीक थेंब पडल्यासारखं पाणी नाचतं. ती मरळीची पिल्लं, शेकड्यांनी. मरळ तलावातच, साचलेल्या पाण्यात अंडी घालते. अंडी वर तरंगतात, आणि आईबाप खाली राखण करतात. पिल्लं निघाल्यावरही ते कित्येक दिवस त्यांच्याखालून हलत नाहीत. अशा वेळी त्या डागाजवळ रबराचं बेडूक पडलं की मरळ त्याच्यावर झडप घालते. भूक लागली म्हणून नाही, पोरांवर कोणीतरी आलं म्हणून. म्हणूनच ती त्या दिवसांत इतकी सहज लागते, आणि नवख्या माणसाला वाटतं आपला हात बसला. राखण गेली की थोड्याच वेळात इतर मासोळ्या, बगळे, पाणकावळे तो डाग फस्त करतात. बाबांनी दोन किलोची एक मरळ सोडली असं तुम्हाला दिसलं. त्यांना त्या डागातल्या शेकडो दिसत होत्या.

हे त्यांनी तुम्हाला तिथेच, शांतपणे दाखवायला हवं होतं. पण ज्यांनी बोलून शिकवलं नाही त्यांच्याकडून ती पिढी शिकली. आजोबांनीही कधी शेजारी बसवून सांगितलं नसणार. बघ, आणि चुकलास तर शिव्या खा, एवढीच त्यांची शाळा. त्यांच्या रागाचं मी समर्थन करत नाही, तो कुठून आला एवढंच सांगते.

मात्र म्हणून प्रत्येक मासोळी सोडायची, असं नाही. इथे मला बाबांशीही थोडं वेगळं म्हणायचं आहे. रोहू, कतला, मृगल ह्या आपल्या गावतलावात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 साली ओडिशात हिरालाल चौधरींनी पियुषिकेच्या (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या) अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांची अंडी मिळवून दाखवली, त्यानंतर केंद्रांमधून बीज तयार होऊ लागलं आणि संस्था ते आणून तलावात सोडू लागल्या. तेव्हा गळाला लागलेली मोठी रोहू सोडली तर वंश वाढेल, असं काही होत नाही. ती संस्थेने पैसे घालून वाढवलेली आहे, आणि ती ठेवावी की नाही हे संस्थेच्या मर्जीचं आहे. घरोबा आहे म्हणून गृहीत धरू नका, विचारा. हंगामात संस्थेच्या माणसाकडून विकतही घ्या. उलट मरळ, शिंगाळा, वाम आणि काठाच्या बारीक गावरान मासोळ्या तलावातच वाढतात, त्यांचं बीज सहसा कोणी आणून टाकत नाही. त्यांच्या बाबतीत आषाढ-श्रावणात हात आखडता घेतला तर पुढच्या वर्षी फरक दिसतो. आणि तिलापिया किंवा थाई मागूर लागला तर तो अजिबात परत सोडू नका. थाई मागुरावर तर 2000 सालापासून देशात बंदी आहे. तो तलावातलं बाकी सगळं खाऊन टाकतो. सोडणं हे पुण्याचं काम आहे असं एकदा मनात बसलं की माणूस हेही सोडायला लागतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता आईच्या म्हणण्याकडे येऊ. वय झालं, हे त्यांचं वाक्य मी उडवून लावणार नाही. बाबांच्या बदललेल्या सवयींत शहाणपण आहे असं मला वाटतं, पण शहाणपणाच्या आड एखादं दुखणं लपू शकतं, आणि आपली जुनी माणसं ते सांगत नाहीत. पुढच्या वेळी गळाला दोरा ओवताना त्यांच्याकडे बघा. हात लांब धरून ओवतात का, दोन-तीनदा चुकतात का? रात्री समोरून गाडी आली की डोळ्यांवर हात धरतात का? तसं असेल तर डोळे तपासून घ्या, नुसती चाळिशी असेल किंवा मोतीबिंदू. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते, आणि पुष्कळ म्हातारी माणसं "आता नाद राहिला नाही" म्हणतात तेव्हा त्यांना तरंगणारं भेंड दिसेनासं झालेलं असतं, एवढंच. उकिडवं बसून उठताना गुडघ्याला हात लावावा लागतो का, तेही पाहा. एक हलकं स्टूल नेलं तर भागतं.

आणि एक नाजूक गोष्ट. तलावावर एकटं बसणं हे समाधानाचंही असतं आणि खचलेपणाचंही. दोन्ही लांबून सारखीच दिसतात. फरक घरी कळतो. जेवण पूर्वीसारखं आहे का? झोप? चावडीवर, लग्नकार्यात जातात का? धानाच्या भावावर वाद घालतात का? हे सगळं चालू असेल तर तलावावरचं एकटेपण त्यांनी स्वतः निवडलेलं आहे, तिथे ढवळाढवळ करू नका. पण जेवण तुटलं असेल, पहाटे तीनला जाग येऊन पडून राहत असतील, कशातच मन लागत नसेल आणि तलाव ही फक्त घरातून निघायची सबब असेल, तर ते वेगळं आहे. मानसिक आरोग्यासाठी टेली मानसचा 14416 हा सरकारी मोफत नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः फोन करून काय करावं ते विचारलंत तरी चालतं. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून मला तसं वाटत नाही. ज्या माणसाला पोरं असलेली मरळ बघून एवढा संताप येतो त्याचं मन जागं आहे. तरीही बघून घ्या.

मग करायचं काय? गळ सोडून देऊ का, असं विचारलंत. रुसून सोडलेला नाद माणसाला आयुष्यभर खुपत राहतो, आणि बाबांनाही तेच खुपेल. दुसरा मार्ग म्हणजे मित्रांना घेऊन इटियाडोह धरणावर नाहीतर वैनगंगेला निघून जायचं, बाबांची कटकट नको. काही दिवस तसं करायला हरकत नाही. आपल्या वयाच्या माणसांबरोबर, आपल्या पद्धतीने, मोठ्या पाण्यावर जावंसं वाटणं हे तुमच्या वयाला धरून आहे. मात्र तिथे धरणाचे नियम आणि ठेका कोणाकडे आहे ते आधी विचारा. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतल्या पाण्यावर गळ घेऊन जायचंच नाही. आणि मित्रांपैकी कोणी औषध टाकू या किंवा बारूद लावू या म्हटलं तर तिथून उठून या. 1897 च्या मत्स्य कायद्यापासून दोन्ही गुन्हे आहेत. पण दर वेळी लांब जायचं ठरवलंत, तर घराजवळच्या पाण्याची जी माहिती बाबांच्या डोक्यात आहे ती त्यांच्याबरोबरच जाईल. ती कुठे लिहून ठेवलेली नाही.

तिसरा मार्ग, त्यांना समजावणं. कशाबद्दल समजावणार? त्यांनी नजर बदलली आहे ती परत जुन्यासारखी करा म्हणून? ते होणार नाही. माझ्या मते तुम्ही त्यांच्याबरोबर जा, पण रॉड घरी ठेवून. एखाद्या सुट्टीच्या दिवशी पहाटे ते निघाले की बरोबर चालू लागा. कुठे जायचं, काय करायचं ते विचारू नका. तो अर्धा फेरा पूर्ण करा. ते थांबतील तिथे थांबा आणि काय बघतात ते बघा. बोलायचं असेल तर जाळ्याबद्दल बोला. "बाबा, जाळं कायले देऊन टाकलं होतं?" एवढंच. लगेच उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मिळेल. आपल्याकडची ती पिढी समोरासमोर बसून बोलत नाही, पण दोघंही पाण्याकडे तोंड करून बसले की बोलते.

त्या दिवशीच्या अपमानाचंही सांगा. हे गिळून टाकू नका. "मरळ सोडली ते बरोबर होतं, पण मित्रांसमोर हातातून घेतली ते मले लागलं," असं, या क्रमाने. आधी त्यांचं बरोबर होतं ते मान्य केलंत की पुढचं ऐकायला ते तयार होतील. माफी मागतील अशी अपेक्षा धरू नका. संध्याकाळी तुमच्या रॉडला हात लावून "याचा दोरा किती किलोचा?" असं विचारलं तर तेवढ्यात समजून घ्या.

मग दोघांनी मिळून काही गोष्टी ठरवा. रोहिणी-मृगापासून पोळ्यापर्यंत गावतलावात पोटात अंडी असलेली गावरान मासोळी ठेवायची नाही आणि तांबूस डागाच्या आसपास गळ टाकायचाच नाही, एवढं तुम्ही मान्य केलंत तर बाकी वर्षभर त्यांनी तुमच्या पिशवीकडे बघून बोलायचं नाही, हे त्यांनी मान्य करावं. सोडायची तर नीट सोडा. हात आधी ओले करा, कल्ल्यात बोटं घालू नका, गळ पोटात गेला असेल तर ओढून काढण्याऐवजी दोरा तोंडाजवळ कापा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून बसवला तर मासोळी जास्त निसटते हे खरं, पण सुटतेही लवकर. हे बाबांना पटेल. आणि हिवाळ्यात पाणी निवळलं की एखादी भरभक्कम मरळ ठेवा, घरी आणा, आईला सांबार (कोथिंबीर) घालून रस्सा करू द्या. कायम सोडतच राहिलं तर घरात या नादाला काही अर्थच उरत नाही, असं मला मनापासून वाटतं. ज्या गल्लीत बाबांनी एकेकाळी मासोळ्या वाटल्या तिथे एखादी वाटी आजही गेली पाहिजे.

दोघांच्या जिवाचंही थोडं. तुमचा नवा रॉड कार्बन फायबरचा असेल तर तो वीज वाहून नेतो. तलावाची पाळ ही आजूबाजूची सगळ्यात उंच उघडी जागा असते आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज पडून माणसं जातात. गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवा, पाळीवरून उतरा आणि एकट्या झाडाखाली न थांबता पक्क्या घराकडे निघा. फोनवर दामिनी ॲप घेऊन ठेवा, जवळपास वीज पडत असली की ते कळवतं. बाबा ज्या गवतात बसतात तिथे पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्या-दोन महिन्यांत स्क्रब टायफस या तापाची भीती असते. 2018 साली विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने तो होतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पँट, घरी आल्यावर आंघोळ आणि कपडे धुवायला. ताप आला आणि अंगावर कुठे काळी खपली दिसली, काखेत किंवा जांघेत असली तरी, तर डॉक्टरांना "मी तलावावर गवतात बसतो" हे सांगायचं. वेळेत औषध सुरू झालं तर बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततं. बाबा एकटे जातात म्हणून निघताना कुठल्या काठाला जातोय ते आईला सांगून जायचं, एवढी सवय मात्र त्यांना लावा. त्यावर ते कुरकुर करतील. करू द्या.

अजून एक गोष्ट आहे, आणि ती तुमच्या नोकरीची आहे. बाबांना तलावासाठी जे करता येत नाही ते तुम्हाला येतं. धानावर मारायची जी औषधं तुम्ही काउंटरवरून देता त्यातली सायपरमेथ्रीन, लॅम्ब्डासारखी औषधं मासोळ्यांसाठी फार विषारी असतात. लेबलावर तसा इशारा असतो, पण ते बारीक अक्षर कोणी वाचत नाही. फवारणी झाली की लगेच बांधीचं पाणी सोडायचं नाही, पंप तलावात नाहीतर नाल्यात धुवायचा नाही, रिकामा डबा पाळीवर टाकायचा नाही, जोराचा पाऊस येणार असेल त्या दिवशी फवारायचं नाही. तुम्ही डबा हातात देताना हे तोंडाने सांगितलंत, तर दहा जणांतले दोन-तीन जरी ऐकतील तरी ते पाणी खाली तलावात जाताना वेगळं जाईल. संस्थेच्या लोकांना बोलावून घ्या, कोणत्या नाल्याने पाणी तलावात येतं आणि त्या नाल्यावर कोणाकोणाच्या बांध्या आहेत ते त्यांच्याकडून समजून घ्या, आणि सुरुवात त्याच शेतकऱ्यांपासून करा. नाला दाखवायला बाबांनाही बरोबर न्या, त्यांना तो पायाखालचा आहे.